विमानातले वैश्विक किरण : भाचीची ड्यूटी आणि माझा हिशोब

सांजवात

गौरीच्या जेवणाला यंदा भाची आली होती. ती लांब पल्ल्याच्या विमानांवर केबिन क्रू आहे आणि तेव्हा तिला नुकताच तिसरा महिना लागला होता. पंगत उठल्यावर नात्यातल्या एका बाईंनी मोबाइलवर आलेला मेसेज सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला : अमेरिकेचा एक विमानप्रवास म्हणजे छातीचे शंभर एक्स-रे. भाची काही बोलली नाही. ताट उचलून मोरीकडे गेली ती बराच वेळ आलीच नाही. मागून गेले तर नळ सोडून नुसती उभी होती. म्हणाली, "मावशी, मला दिवस गेलेत हे कळायच्या आधी मी दोनदा न्यूयॉर्क करून आले. तू फिजिक्सची आहेस. खरं काय ते सांग."

तेवीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवूनही मला त्या क्षणी तिला आकडा सांगता आला नाही. त्याची टोचणी लागली. त्यानंतरचे पाच आठवडे मी हेच वाचते आहे. जे हाती लागलं ते इथे मांडते, कारण आपल्यापैकी कितीतरी घरांत कुणी ना कुणी या विमानांत असतं : नोकरीला, शिकायला, लेकीच्या बाळंतपणाला.

आधी मुळापासून. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो हवेचा भार असतो. पाण्याच्या हिशोबात सांगायचं तर दहा मीटर पाणी. आमच्या आजोळी विहिरीची खोली परसात सांगत (एक परस म्हणजे पुरुषभर उंची). म्हणजे आपण सगळे साधारण सहा परस खोल विहिरीच्या तळाशी राहतो आणि वरून येणाऱ्या किरणांपासून ते पाणी आपल्याला राखतं. विमान ३९,००० फुटांवर गेलं की डोक्यावर उरतं जेमतेम दोन मीटर पाण्याइतकं कवच. परसभर पाणी. वर अॅल्युमिनियमचा पत्रा आहे, पण या किरणांपुढे त्याचा काही पाड नाही.

हे किरण येतात मुख्यतः सूर्यमालेच्या बाहेरून. त्यात दहातले जवळपास नऊ प्रोटॉन, उरलेल्यात बहुतेक हेलियमची केंद्रकं आणि थोडी जड केंद्रकं. हवेच्या रेणूंवर आदळून त्यांचा चुरा होतो, त्यातून न्यूट्रॉन, म्युऑन, इलेक्ट्रॉन, गॅमा असा दुय्यम कणांचा पाऊस पडतो. त्यातले म्युऑन जमिनीपर्यंत पोचतात. हाताचा तळवा आभाळाकडे करून धरा, दर सेकंदाला एखाददुसरा म्युऑन त्यातून आरपार जातो. हे वाचता वाचताही जातोय.

व्हिक्टर हेस यांनी ७ ऑगस्ट १९१२ रोजी फुग्यातून पाच हजार मीटरच्या वर जाऊन हे पहिल्यांदा मोजलं. तोवर समज असा की हवेतलं आयनीभवन, म्हणजे हवेच्या रेणूंवर विद्युतभार येणं, जमिनीतल्या किरणोत्सर्गी खनिजांमुळे होतं, म्हणजे वर जावं तसं ते कमी व्हायला हवं. सुरुवातीला थोडं कमी झालं, आणि मग वाढतच गेलं. या शोधाला १९३६ चं नोबेल मिळालं. आपल्याकडे होमी भाभांनी बंगळूरला याच किरणांवर काम केलं, आणि १९४५ मध्ये सुरू झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने पुढे हैदराबादेतून मोठमोठे फुगे सोडून याचा अभ्यास केला. हा विषय आपल्याला परका नाही. रोजच्या बोलण्यात मात्र तो कधी आला नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, जी त्या मेसेजमध्ये नव्हती : *कुठून कुठे* उडता यावर सगळं अवलंबून आहे. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र विद्युतभारित कणांना वळवून परतवतं, आणि ही ढाल चुंबकीय विषुववृत्ताजवळ सगळ्यात जाड असते. चुंबकीय विषुववृत्त जातं ते दक्षिण भारताच्या टोकावरूनच. आपल्या डोक्यावरची ढाल जगातल्या सगळ्यात भक्कम ढालींपैकी एक आहे. तासाला सुमारे दोन-तीन मायक्रोसिव्हर्ट (सिव्हर्ट हे डोसचं, म्हणजे शरीराला मिळणाऱ्या किरणांच्या मात्रेचं माप), एवढ्यावर मुंबई-सिंगापूर भागतं. त्याच उंचीवर ग्रीनलंड, कॅनडा, ध्रुवाकडचा भाग आला की तोच आकडा पाच ते आठवर जातो.

मी स्वतः एक छोटा प्रयोग केला होता. मेमध्ये लेकीकडे नेवार्कला जाताना कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्यासारखाच किरण मोजणारा एक लहान गायगर काउंटर पर्समध्ये ठेवला होता. सुरक्षा तपासणीत जवानाने हातात घेऊन उलटसुलट पाहिला, "मॅडम, ये क्या नापता है?" विचारलं, मी सांगितलं, त्यांनी परत दिला. पुण्याला घरात तो तासाला ०.०८ ते ०.१० मायक्रोसिव्हर्ट दाखवतो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये युरेनियम-थोरियम कमी, म्हणून एवढा कमी. हैदराबादला जावेच्या घरी, ग्रॅनाइटच्या फरशीवर, याच्या दुपटीला गेला होता. विमानाने मुंबई सोडली आणि बेल्टचा दिवा विझेपर्यंत आकडा ०.४ झाला होता. ३४,००० फुटांवर १.१. कॅस्पियनच्या पुढे १.६. मग दिवे मंदावले, शेजारचे काका झोपले, मी आवाज बंद करून पडद्याखाली धरून बघत बसले. नॉर्वे ओलांडला तेव्हा २.५, आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळ, ३८,००० फुटांवर, २.९. घरच्या तीसपट. माझ्या हातावर काटा आला. भीतीने नव्हे. पुस्तकात इतकी वर्षं शिकवलेला आलेख माझ्या मांडीवर जिवंत चढत होता.

आणि हे लक्षात ठेवा की माझा काउंटर *कमी* दाखवत होता. गायगर नळीला न्यूट्रॉन जवळजवळ दिसतच नाहीत, आणि विमानाच्या उंचीवर डोसचा साधारण निम्मा वाटा न्यूट्रॉनचा असतो. म्हणून यूट्यूबवर लोक विमानात काउंटर धरून "बघा, फक्त तीन" म्हणतात तेव्हा तो आकडा दुप्पट करून वाचायचा.

तर मग शंभर एक्स-रे? मुंबई-न्यूयॉर्क पंधरा-सोळा तास, सरासरी तासाला साडेचार धरा : एका बाजूचे सुमारे ७० मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे ०.०७ मिलिसिव्हर्ट. छातीचा एक एक्स-रे सुमारे ०.०२. तीन-चार एक्स-रे झाले. दुसऱ्या अंगाने बघा : जमिनीवर राहणाऱ्या माणसाला खडक, हवा, अन्न, आकाश सगळं मिळून जागतिक सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. ०.०७ म्हणजे दहा-अकरा दिवसांचा साधा रोजचा वाटा. वर्षातून एकदा लेकीकडे जाणाऱ्याने, गरोदर असली तरी, या किरणांपायी तिकीट रद्द करावं असं काहीही यात नाही. गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका जिथून धरतात ती पातळी १०० मिलिग्रेच्या आसपास आहे (मिलिग्रे हे शोषलेल्या किरणांचं माप, ढोबळ तुलनेला मिलिसिव्हर्टसारखंच धरा), हजारपटीहून जास्त.

पण भाची वर्षातून एकदा जात नाही. ती वर्षाला आठशे-नऊशे तास हवेत असते. आठशे तास, सरासरी चार मायक्रोसिव्हर्ट : ३.२ मिलिसिव्हर्ट. सर्वसामान्य माणसासाठी कृत्रिम स्रोतांची वार्षिक मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे. रुग्णालयात एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवर किरण नोंदवणारा बॅज असतो, त्याचा दर तिमाहीला अहवाल येतो. भाचीच्या छातीवर विंग आहे, बॅज नाही.

आम्ही दोघी तिची ड्यूटीची वही घेऊन बसलो. पहिल्या सात आठवड्यांत न्यूयॉर्कच्या दोन फेऱ्या, म्हणजे चार वेळा ०.०७ : ०.२८. लंडनची एक फेरी : साधारण ०.०८. बाकी आखात आणि देशांतर्गत मिळून चाळीस तास, तासाला दोन धरून : ०.०८. एकूण ०.४४ मिलिसिव्हर्ट. गरोदरपण कळवल्यानंतर उरलेल्या काळासाठी गर्भाला १ मिलिसिव्हर्ट ही आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. आम्ही तिच्या निम्म्याच्या आत होतो. तिने तो आकडा पेनने तीनदा गिरवला आणि मग पहिल्यांदा नीट जेवली.

माझं म्हणणं एवढंच आहे. प्रवाशांना घाबरवणारे मेसेज पसरतात आणि ज्यांचा हिशोब खरोखर ठेवायला हवा त्यांचा कुणी ठेवत नाही. इथे वैमानिक, क्रू, रेडिएशन क्षेत्रातली मंडळी असतील तर कृपया लिहा. माझं कुठे चुकत असेल तर जरूर सांगा.

---

कातळवाट

फार मनापासून लिहिलंय. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयात रेडिएशन सेफ्टी ऑफिसर आहे, म्हणून एक दुरुस्ती आणि एक भर.

एक्स-रेशी तुलना प्रवाशांपुरती ठीक आहे, पण गरोदर बाईच्या बाबतीत तिने फसगत होते, आणि तीही उलट्या बाजूने. छातीचा एक्स-रे काढताना किरणांचा झोत छातीपुरता असतो, गर्भापर्यंत त्यातलं जवळजवळ काही पोचत नाही. वैश्विक किरण तसे नाहीत. ते सगळ्या बाजूंनी, सगळ्या शरीरातून जातात, आणि आईचं पोट त्यांना अडवत नाही. आईला जेवढा डोस तेवढाच गर्भाला, असं धरूनच हिशोब करतात. शिशाचा एप्रनही इथे उपयोगाचा नाही. एक्स-रे विभागात सवय असल्याने लोक विचारतात, विमानात एप्रन घालू का? नको. या ऊर्जेच्या कणांना तो थोपवत नाही.

बॅजबद्दल : आपल्याकडचा टीएलडी बॅज म्हणजे प्लास्टिकच्या कप्प्यात कॅल्शियम सल्फेटच्या तीन छोट्या चकत्या. भाभा अणुसंशोधन केंद्राची ही देणगी, आमच्यासारख्यांसाठी अगदी विश्वासू. पण तो एक्स-रे, गॅमा, बीटासाठी. भाचीला तो लावला तरी न्यूट्रॉनचा वाटा निसटेल. म्हणून जगभर क्रूचा डोस बॅजने मोजत नाहीत, *मार्गावरून काढतात* : कुठून कुठे, किती वाजता, कोणत्या उंचीवर किती वेळ. एवढं दिलं की संगणक बऱ्यापैकी अचूक उत्तर देतो. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचा कॅरी-७ हा प्रोग्राम त्यासाठीच आहे आणि तो कुणालाही वापरता येतो.

आणि हो, माझ्या विभागातल्या तंत्रज्ञांचे अहवाल बहुतेक वेळा वर्षाला एक मिलिसिव्हर्टच्या खाली येतात. तुमच्या भाचीचा ३.२ चा अंदाज बरोबर असेल, आणि तो मला बरोबरच वाटतो, तर तिला माझ्या सगळ्या स्टाफपेक्षा जास्त डोस मिळतो.

---

माडबन_कर

मला हे सगळं जरा जास्तच वाटतंय. केरळात करुणागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट या किरणोत्सर्गी खनिजाची वाळू आहे. तिथे लोक पिढ्यान्पिढ्या याच्या कितीतरी पट किरणोत्सर्गात राहतात. त्यांचा मोठा अभ्यास झाला आणि त्यात कॅन्सर वाढलेला दिसला नाही. मग क्रूच्या तीन मिलिसिव्हर्टचं एवढं काय घेऊन बसायचं? उगाच तरण्या पोरींच्या मनात भीती.

---

सांजवात

माडबन_कर, करुणागपल्लीचा अभ्यास मीही वाचला. तिरुवनंतपुरमच्या कॅन्सर केंद्राने तो केला, २००९ मध्ये निष्कर्ष आले आणि तुम्ही म्हणता तसेच आले. भाचीला मी तोच आधी सांगितला. पण विचार करा, त्या लोकांबद्दल आपण इतक्या खात्रीने बोलू शकतो ते कशामुळे? कुणीतरी दारोदार जाऊन घरं मोजली, माणसं नोंदवली, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला म्हणून. मी क्रूसाठी तेवढंच मागते आहे. भीती माझ्या घरात आधीच होती, गौरीच्या पंगतीत. ती गेली आकड्याने.

शिवाय केरळातली किरणं मुख्यतः गॅमा. विमानात न्यूट्रॉन आहेत, झोपेचं खोबरं आहे, रात्रपाळी आहे. एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

---

उत्तरवारा

फ्रँकफुर्टहून लिहितेय. मूळची सांगलीची, इथे अकरा वर्षं केबिन क्रू.

इथे २००३ पासून कायद्यानेच क्रूचा डोस काढला जातो. मला काही करावं लागत नाही. माझ्या ड्यूट्या कंपनीकडे असतातच, त्यावरून आकडा निघतो आणि केंद्रीय नोंदवहीत जातो. युरोपभर नियम असा की वर्षाला १ मिलिसिव्हर्टच्या वर जाण्याची शक्यता असेल तर कंपनीने मोजलंच पाहिजे, क्रूला माहिती दिली पाहिजे, आणि ड्यूट्या लावताना ज्यांचा डोस जास्त झालाय त्यांचा विचार केला पाहिजे. जर्मनीत किरणोत्सर्गात काम करणाऱ्या सगळ्या व्यवसायांत सरासरी डोस सर्वांत जास्त कुणाचा, तर आमचा. साधारण २ मिलिसिव्हर्ट. अणुभट्टीतल्या कामगारांपेक्षा जास्त. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी थक्क झाले होते.

पहिलं वर्ष संपलं तेव्हा घरी पत्र आलं. १.९. मी ते फ्रिजवर लावलं होतं, आईने व्हिडिओ कॉलवर बघून विचारलं, कसला निकाल लागला गं? मी लॉस एंजेलिस आणि टोकियो जास्त करायचे तेव्हा २.८ पर्यंत गेलं. मग मूल हवं असं ठरल्यावर वर्षभर आफ्रिकेच्या ड्यूट्या मागून घेतल्या. नैरोबी, जोहान्सबर्ग. विषुववृत्त ओलांडून जायचं, डोस निम्म्यावर आला. माहिती हातात होती म्हणून हा निर्णय माझा मला घेता आला. सांजवात ताई, तुमच्या भाचीला माझा नंबर हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बोलू निवांत.

---

सांजवात

उत्तरवारा, डोळे भरून आले. व्यनि केलाय.

---

निळं_आभाळ

बावीस वर्षं विमान चालवतोय, त्यातली बारा मोठी विमानं. अमेरिकेला ध्रुवाकडून जाणाऱ्या फ्लाइट्स केल्या आहेत. ताई, आमचा हिशोब कुणी ठेवतं का, याचं सरळ उत्तर : माझा आयुष्यभराचा डोस किती, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. इंधनाचा शेवटचा किलो लिहिलेला आहे, माझा मिलिसिव्हर्ट नाही.

थोडं कॉकपिटमधून. आम्ही वर जातो ते इंधनासाठी. विमान हलकं होतं तसं ३३,००० वरून ३५, मग ३७, मग ३९ हजार. प्रत्येक पायरीला डोस चढतो. ढोबळमानाने साडेसहा हजार फूट चढलं की दुप्पट. कॉनकॉर्ड ६०,००० फुटांपर्यंत जायचं, त्यात कॉकपिटमध्ये किरणांचा मीटरच बसवलेला होता आणि काटा ठरावीक खुणेपलीकडे गेला तर खाली यायचं अशी कार्यपद्धती होती. एका फेरीचा एकूण डोस मात्र साध्या विमानाहून फार वेगळा नसे, कारण वेळ निम्मा लागे. आमच्यापुढे शंभर पडदे आहेत आणि तो एक काटा नाही.

दुसरी गोष्ट सूर्याची. एरवीचे आकडे आकाशगंगेतून येणाऱ्या किरणांचे आहेत. पण कधीकधी सूर्यावरून प्रचंड ऊर्जेचे प्रोटॉन सुटतात, इतके की जमिनीवरच्या यंत्रांनाही कळतं. १९४२ पासून अशा सत्तरच्या वर घटना नोंदल्या आहेत. नोंदीतली सगळ्यात मोठी २३ फेब्रुवारी १९५६ ची. यात अडचण अशी की पहिले कण सूर्यापासून दहा-पंधरा मिनिटांत येऊन थडकतात. इशारा येईपर्यंत तुम्ही त्यात असता. करण्यासारखं एकच : खाली या, ध्रुवापासून दूर सरा. २००३ च्या ऑक्टोबरात अमेरिकेने २५,००० फुटांच्या वर उडणाऱ्या विमानांसाठी इशारा काढला होता. नोव्हेंबर २०१९ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची अवकाश-हवामानाची सूचना आम्हाला मिळते, ती वादळ-पावसाच्या सूचनेसारखीच ब्रीफिंगमध्ये येते. चांगली सोय आहे.

देशातल्या देशात उडणाऱ्यांनी या सौर घटनांची चिंता करू नये. तुम्ही लिहिलेली ढाल खरोखर भक्कम आहे. दक्षिण भारतावर येऊ पाहणाऱ्या प्रोटॉनला साधारण सतरा गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, सूर्याचे कण तिथवर क्वचितच जातात.

---

शंकासूर_नाही

पण मग सूर्य शांत असतो तेव्हा विमानात किरण कमी असणार ना? आता काही वर्षांनी सूर्य शांत होईल म्हणतात. लेकीला सांगतो तेव्हा ये.

---

निळं_आभाळ

उलट आहे. सूर्य जोरात असतो तेव्हा त्याचा सौरवारा आणि त्याबरोबरचं चुंबकीय क्षेत्र बाहेरून येणारे आकाशगंगेचे किरण बऱ्याच प्रमाणात परतवतं. सूर्य शांत झाला की ते आत शिरतात. म्हणजे सौर डागांचं अकरा वर्षांचं चक्र तळाला जातं तेव्हा आमचा रोजचा डोस वाढतो, विशेषतः उत्तरेच्या मार्गांवर. आत्ताच्या चक्राचा माथा २०२४ च्या सुमारास येऊन गेला, म्हणजे पुढची काही वर्षं आकडा चढता राहील. पण हा फरक एवढा नाही की कुणी लेकीचं येणं त्यावर ठरवावं. तिला सुट्टी मिळेल तेव्हा येऊ दे.

---

चिंचपेठ

आणि ते एअरबसचं काय झालं? २०२५ च्या नोव्हेंबरात माझी पुणे-दिल्ली दोन तास लेट झाली होती, कारण विचारलं तर "सूर्यकिरणांमुळे सॉफ्टवेअर" सांगितलं. तेव्हा कुणाला खरं वाटलं नव्हतं.

---

निळं_आभाळ

खरंच होतं. आधी ऑक्टोबरच्या शेवटी मेक्सिकोहून अमेरिकेला निघालेल्या एका ए-३२० ने कुणी काही न करता नाक खाली घातलं, काही प्रवासी जखमी झाले. मग २८ नोव्हेंबर २०२५ ला एअरबसने जाहीर केलं की तीव्र सौर किरणोत्सर्गाने उड्डाण-नियंत्रणाच्या संगणकातली माहिती बिघडू शकते. जगभरातली सुमारे सहा हजार विमानं, आपल्याकडचीही कित्येक, सॉफ्टवेअर बदलल्याशिवाय उडवायची नव्हती. बहुतेकांना काही तासच लागले.

यात काय होतं ते थोडक्यात : न्यूट्रॉनसारखा एखादा कण मेमरीच्या चिपमध्ये अणूला धडकतो, तिथे विद्युतभाराचा एक ठिपका तयार होतो आणि शून्याचा एक होतो. चिप बिघडत नाही, फक्त एक अक्षर बदलतं. म्हणून महत्त्वाचे संगणक दोन-तीन ठेवतात आणि ते एकमेकांची उत्तरं ताडून बघतात. माझ्या मनात मात्र तेव्हापासून एक गोष्ट घर करून आहे. यंत्राच्या चिपला कण लागतो म्हटल्यावर सहा हजार विमानं थांबली. ते अगदी योग्यच झालं. त्याच खुर्चीत, त्याच पावसात, बावीस वर्षं मी बसलो आहे.

---

कातळवाट

निळं_आभाळ दादा, तुम्ही लिहिलेलं शेवटचं वाक्य आज विभागात सगळ्यांना वाचून दाखवलं.

आरोग्याबद्दल जे ठामपणे सांगता येतं तेवढंच सांगतो. वैमानिक आणि क्रूवर अनेक देशांत मोठे अभ्यास झालेत. दहा देशांच्या एकत्रित अभ्यासात एकूण मृत्यू सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा *कमी* निघाले, कारण ही मंडळी निवडीतच धडधाकट असतात. पण वैमानिकांत मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जास्त दिसले. अमेरिकेत हार्वर्डच्या २०१८ च्या अभ्यासात केबिन क्रूमधल्या स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाणही जास्त दिसलं. यातलं किती किरणांमुळे, किती रात्री जागण्यामुळे, किती उशिरा मूल होण्यामुळे आणि किती सुट्टीतल्या समुद्रकिनाऱ्यावरच्या उन्हामुळे, हे वेगळं काढणं फार कठीण आहे. रात्रपाळीचं काम स्वतःच कॅन्सरला बहुधा कारणीभूत होतं असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्येच म्हटलंय.

आता ताईंसाठी, आणि हे सांगताना मला जड जातंय, पण तुम्ही खरं विचारलंय. अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेला केबिन क्रूच्या अभ्यासात असं आढळलं की पहिल्या तीन महिन्यांत ०.३६ मिलिसिव्हर्टच्या वर डोस गेला तर गर्भपाताचं प्रमाण वाढण्याशी त्याचा संबंध असू शकतो. तसंच झोपेच्या वेळात पंधरा तासांहून जास्त काम केलं तरी. तुमचा आकडा ०.४४ आहे. ही कड्यासारखी रेषा नाही, की अलीकडे सुरक्षित आणि पलीकडे खड्डा. गटांच्या सरासरीतला तो फरक आहे, एका बाईच्या नशिबाचं भाकीत नाही. पण पुढच्या खेपेला कुणी क्रू मैत्रीण मूल हवं म्हणून प्रयत्न करत असेल, तर दिवस राहण्याच्या *आधीपासून* छोट्या किंवा दक्षिणेच्या ड्यूट्या मागणं शहाणपणाचं. पहिले आठवडे कळायच्या आतच निघून जातात.

---

सांजवात

कातळवाट, ०.३६ चं मला माहीत होतं. मूळ लेखात लिहिलं नाही, कारण भाची हा धागा वाचते. ते चुकलंच माझं. आज तिला फोन करून सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मावशी, आता चौदावा आठवडा चालू आहे. परवा ठोके ऐकले. मला सगळं सांगत जा, अर्धं नको."

तिने तिच्या बॅचच्या मुलींच्या ग्रुपवर आमच्या वहीच्या पानाचा फोटो टाकला. रात्रीपर्यंत नऊ जणींनी आपापल्या ड्यूट्या पाठवल्या. मी त्या सगळ्यांचा हिशोब करायला घेतलाय. कॅरी-७ मध्ये उंचीच्या पायऱ्या भरायला वेळ लागतो, सवय होतेय. एकीचा गेल्या वर्षाचा ४.१ आला. तिला सॅन फ्रान्सिस्को सलग सात महिने लागलं होतं.

---

उत्तरवारा

ताई, तिला सांगा की मिळून ड्यूट्या बदलून मागा. एकटीने मागितलं की तक्रार वाटते. आमच्याकडेही सुरुवातीला तसंच होतं. आणि पुढच्या वर्षीचा आकडा काढायचा तर परतीचा प्रवास वेगळा लिहा. पूर्वेकडे येताना मागून वारा मिळतो, वेळ तासाभराने कमी, डोसही कमी.

---

माडबन_कर

माझी धाकटी बहीण विमानतळावर जमिनीवरच्या नोकरीत आहे आणि यंदा क्रूसाठी अर्ज करतेय. काल तिला हा धागा पाठवला. तिने विचारलंय, मुलाखतीत डोसबद्दल प्रश्न विचारला तर चालेल का?

---

निळं_आभाळ

विचारू दे. नीट, सरळ विचारू दे. मी मुलाखतीच्या पॅनेलवर बसलो आहे, असं विचारणारी उमेदवार मला आवडली असती.

माझ्याबाबत सांगायचं तर कपाटावरून सगळी लॉगबुकं खाली काढली. सहा आहेत. पहिल्याचं पुठ्ठं सुटलंय, त्यात तासच आहेत, उंची लिहिलेलीच नाही, तेव्हा कुणाला गरज वाटली नव्हती. मुलगी एक्सेलमध्ये भरतेय, मी बाजूला बसून आठवेल तशी उंची सांगतो. काल रात्री २०११ च्या मार्चपर्यंत आलो.